तंग ओढता आला तेव्हा

"बाई, एवढ्या दुखण्यातून उठून घोडीवर परत बसलात कधी? आणि आता बसायला हरकत नाही, हे कळलं कशावरून?"

गेलं वर्षभर हा प्रश्न मला सतत विचारला जातोय. कोरेगावच्या बाजारात विचारतात, शाळेत पालकसभा संपली की विचारतात. ज्यांना स्वतःला चिकुनगुन्या होऊन गेलाय आणि जे अजून सकाळी भिंतीला धरून उठतात, त्यांचा विचारण्याचा आवाज वेगळा असतो. त्यांना घोडीशी देणंघेणं नसतं. आपलं शरीर परत आपलं कधी होतं, एवढंच त्यांना हवं असतं. मी रस्त्यात उभ्या उभ्या काहीतरी दोन वाक्यं बोलते आणि घरी आल्यावर वाटतं, नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे.

आमची वस्ती जरंडेश्वराच्या डोंगराच्या अलीकडे. घरी मैना आहे. भीमथडी जातीची घोडी, अंगानं तांबडी, आयाळ-शेपूट काळी, उंचीनं बेताची, वजन तीनशे किलोच्या आसपास. धनगरांच्या वाड्याबरोबर सगळा संसार पाठीवर घेऊन जी घोडी मैलोन्‌मैल चालतात, त्या रक्ताची. सरकारदरबारी भीमथडीची वेगळी जात म्हणून नोंद आत्ता कुठं झाली. फलटण-माण भागातल्या मेंढपाळांनी मात्र ही जात पिढ्यान्‌पिढ्या राखली. मी घोड्यावर बसायला शिकले तीही मैनेवरच, वयाच्या पस्तिशीत. त्याला आता अकरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी श्रावणात ताप आला. पहिल्याच संध्याकाळी घोटे आणि मनगटं अशी धरली की पांघरूण ओढून घेता येईना. चिकुनगुन्या हा शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, अंग वाकवून टाकणारा अशा अर्थाचा. मी खरोखरच वाकून चालत होते. या विषाणूवर नेमकं औषध नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डेंगी नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, पडून राहायचं. सासूबाईंचं माहेर बार्शीचं. १९७३ साली तिथं हीच साथ आली होती, तेव्हा त्या शाळेत होत्या. त्या माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "ताप चार दिवसांत जाईल गं. सांधे सोडायला दिवाळी उलटेल." मला ते तेव्हा खरं वाटलं नाही. गणपती बसले, गेले, मी कॉटवरच.

आता मैनेकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या खुरापासून सुरू होतं.

पितृपक्षात मी काठी टेकत पहिल्यांदा तबेल्यापर्यंत गेले. दारातच वास आला. पावसाळाभर ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराला येतो तो कुजका वास. खुराच्या तळाला मधोमध एक मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात. त्या खाचांत लीद आणि चिखल साचून राहिला, की हवा न लागता वाढणारे जंतू आतून सड धरवतात. आमच्या गड्यानं दोन महिने घर, रान आणि गुरं एकट्यानं सांभाळली होती. रोज चार पाय उचलून खूर कोरायला त्याला वेळ कुठला? शिवाय बाई आजारी, निदान घोडीची तरी आबाळ नको, म्हणून तो तिला रोजचा दोन किलो हरभरा घालत राहिला होता. काम शून्य आणि दाणा पूर्ण. मैनेचं पोट सुटलं होतं आणि पाठीवरचं मांस उतरलं होतं. पाठीवर पावसाळी खपल्याही धरल्या होत्या, केसांचे पुंजके घेऊन निघणाऱ्या.

नालबंदचाचा आले. सडलेला भाग तासला, वाढलेले खूर कापून सारखे केले, आयोडीन लावायला सांगितलं, खालची जमीन कोरडी ठेवायला सांगितलं. एका खुराला वरच्या कडेजवळ आडवी फट होती. ती कधी जाईल, विचारलं. म्हणाले, "खूर महिन्याला सेंटीमीटरभर वाढला तर पुष्कळ. ही फट खाली उतरून कापली जायला आठ-दहा महिने. तोवर हिला काही होत नाही, फक्त बघत राहायचं." मी माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं. आठ-दहा महिने हा आकडा मला तेव्हा पहिल्यांदा सोसला.

दुसऱ्या दिवसापासून मी खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, हातात घेतला. मूठ वळत नव्हती, म्हणून रबरी खरारा तळहाताला पट्टीनं बांधून घेतला. पहिल्या दिवशी मानेची एक बाजू, पाच मिनिटं. खपल्या सुक्या ओढायच्या नाहीत, घोड्याला फार दुखतं. कोमट पाण्यानं भिजवून, मऊ करून, सुटतील तेवढ्याच काढायच्या आणि ती जागा कोरडी करायची. या दुखण्यात सकाळ सगळ्यात वाईट असते, सांधे लाकडासारखे होऊन जातात. एका सकाळी मी खरारा करता करता थांबले आणि हात तसाच आयाळीखाली घातला. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरमच असतं, आणि आयाळीखाली तर तव्यावरून काढलेल्या भाकरीची ऊब. दहा मिनिटं हात तसाच ठेवला आणि बोटं सुटली. मैना हलली नाही. पुढं रोज तसंच करायचे. नवरात्रापर्यंत दोन्ही बाजू, पाय, शेपूट, सगळं माझ्या हातानं होऊ लागलं.

दाणा आधी कमी केला. हे ज्यांच्याकडे घोडं आहे त्यांनी लक्षात ठेवा: काम थांबलं की दाणा थांबवायचा, चारा नाही. भरपूर दाणा खाऊन दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या घोड्याला एकदम कामाला लावलं, की पाठ-पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे ताठरतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. आणि जे काही बदलायचं ते आठ-दहा दिवसांत थोडं थोडं बदलायचं. घोड्याला ओकारी काढता येत नाही. पोटात गेलेलं बिघडलं तर पोटशूळ जिवावर बेततो. पावसानंतरचं कोवळं हिरवं गवत भुकेल्या घोड्यापुढं मोकळं सोडायचं नाही, आधी सुका चारा घालायचा. बुरशी धरलेली कडब्याची पेंडी गुरांना चालेल म्हणतात, घोड्याला दाखवायचीही नाही. आमच्या भागात ऊस, त्यामुळं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतं. पण वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, रोज त्यावरच ठेवलं तर हाडं कमकुवत होतात. मैनेला कडबा, सुकं गवत, थोडा लसूणघास, सैंधवाचा खडा.

त्याच दिवसांत तबेल्यातलं पाण्याचं पिंप रिकामं केलं. तळाशी अळ्या वळवळत होत्या. मला ताप आणणारा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मी रोज सकाळी त्या पिंपाशेजारी उभी राहून मैनेला पाणी पाजत होते. त्याची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून सुकी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. आता दर शनिवारी घासते.

नवरात्रात एका रात्री मैनेनं चारा टाकला. मान खाली, डोळे निस्तेज. ताप बघितला, १०२.४. घोड्याचा १०१च्या आसपासपर्यंत चालतो. माझ्या पोटात गोळा आला, कारण पावसाळ्याच्या अखेरीला गोमाश्या वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून सर्रा होतो. ताप येतो-जातो, पायांना सूज चढते, घोडं उभ्या उभ्या वाळत जातं. त्याचा रक्तातला परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइल खानच्या घोड्या-उंटांत शोधला, पण सर्रा हे नाव आपल्याच लोकांचं, त्याआधीपासूनचं. पशुवैद्यकांनी रक्त तपासायला घेतलं. हा परजीवी रक्तात कधी दिसतो, कधी दिसत नाही, म्हणून चार दिवसांनी पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही, आणि तापही दुसऱ्याच दिवशी उतरला होता. पण त्या रात्री मी कंदील घेऊन तिच्याजवळ तीन तास उभी होते. सकाळी लक्षात आलं की दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी तीन तास उभी राहिले.

तिथंच मी चुकले. उभं राहता येतंय म्हणजे बसताही येईल, असं धरून चालले.

दसऱ्याला दरवर्षी मी मैनेवर बसून शिवेवरच्या आपट्यापर्यंत जाते. खंडेनवमीला तिची पूजा केली, झेंडूची माळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी गड्याला खोगीर घालायला सांगितलं. सासूबाई नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. गड्यानं तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, आवळला, मी ओट्यावरून चढले. पहिली पन्नास पावलं इतकी सुखाची होती की डोळ्यांत पाणी आलं. मग वळणावर हलगी वाजली. मैनेनं मान झटकली आणि लगाम माझ्या बोटांतून सरकन निघून गेला. मी मूठ आवळली, पण बोटं वळलीच नाहीत. दहा-पंधरा पावलं ती दुडक्या चालीनं गेली आणि उभी राहिली. मला काही झालं नाही. पण तिला मी थांबवलं नव्हतं. तिनं थांबायचं ठरवलं, म्हणून ती थांबली होती. उतरताना घोटा दुमडला, गड्यानं धरलं.

दुसऱ्या दिवशी खरारा करताना तिच्या खांद्याच्या उंचवट्यावर रुपयाएवढी जागा सोललेली दिसली. पाठीचं मांस उतरल्यामुळं जुनं खोगीर तिथं टेकत होतं. पोट सुटल्यामुळं तंग पहिल्याच भोकात कसाबसा अडकला होता, तोही सैल. मी स्वतः आवळला असता तर हे मला कळलं असतं. गड्यानं आवळला, मी वर बसले. स्वतःच्या घाईत तिची पाठ सोलली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवशी मी ठरवलं: खोगीर मी उचलीन, तंग मी ओढीन, मगच बसेन. हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तारीख नाही, डॉक्टरांचा कागद नाही. तंग ओढायला मनगट लागतं, अंगठा लागतो, खांदा लागतो, वाकून उभं राहायला गुडघा लागतो. आणि बक्कल कुठल्या भोकात बसतं, यावरून घोडी कशी आहे तेही कळतं. एकाच पट्ट्यात दोघींची परीक्षा.

मग आम्ही चालायला लागलो. मी जमिनीवर, मैना बाजूला, हातात दोर. पहिला आठवडा वीस मिनिटं, सपाट पाणंदीनं. ऑक्टोबरचं ऊन सोसवत नाही आणि सकाळी माझे सांधे चालत नाहीत, म्हणून संध्याकाळी पाचनंतर. दुसऱ्या आठवड्यात रेल्वे फाटकापर्यंत. सांगली-मिरजेकडं जाणारी गाडी धडधडत गेली तरी मैना कान हलवत नाही, तिला सवय आहे. चढ आला की मी थांबून तिच्या जबड्याखाली नाडी बघायचे. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. चढानंतर वाढते, पण दहा मिनिटांत साठच्या खाली यायला हवी. पहिल्या दिवसांत ती येत नव्हती, आणि माझी तर मोजण्यात अर्थच नव्हता. दोघी बांधावर थांबायचो. श्वास लवकर सुधारतो, स्नायू त्यामागून भरतात, पायांतल्या कंडरा सगळ्यात शेवटी. म्हणून घोडं ताजं दिसायला लागल्यावरही पुढचे काही आठवडे त्याला पळवायचं नसतं. हे मला मैनेच्या बाबतीत माहीत होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र तिच्याबरोबर चालूनच पटलं.

रोज चालून झाल्यावर मी खोगीर घालून बघायचे. तिची सोललेली जागा भरेपर्यंत नाही, नंतर. वसुबारसेला खोगीर पाठीपर्यंत गेलं, बक्कल नाही. भाऊबीजेला बक्कल पहिल्या भोकात गेलं आणि अंगठ्यातून अशी कळ आली की मी लगेच सोडलं. गडी म्हणाला, "बाई, मी लावतो की." त्याला नको म्हणणं मला फार जड गेलं, कारण तो मायेनं म्हणत होता.

तुळशीचं लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सव्वापाचला, तंग ओढला आणि बक्कल तिसऱ्या भोकात बसलं. मैनेनं नेहमीसारखं पोट फुगवून धरलं होतं. दोन मिनिटं तिला फिरवलं, पुन्हा ओढला, चौथ्यात गेलं. खोगिराखाली हात घालून बघितला, खांद्यावर दोन बोटं मोकळी होती. हेल्मेट घातलं, ओट्यावर चढले. पाय रिकिबीत गेला.

फाटकापर्यंत गेलो नाही. पाणंदीच्या पहिल्या चिंचेपर्यंत गेलो, सावकाश चालीनं. तिथं लगाम आवळून बघितला आणि मैना थांबली.