असेसमेंट डे आणि मामांची गादी

येत्या सोमवारी इंदूरमधील विजयनगर भागातील एका हॉटेलच्या सभागृहात माझा असेसमेंट डे आहे. किरकोळ विक्रीच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीच्या प्रशिक्षणार्थी योजनेसाठी निवडक उमेदवारांना दिवसभर एकत्र बसवायचे, त्यांच्याकडून गटचर्चा करून घ्यायची, दुकानातील एखादी अडचण सर्वांनी मिळून सोडवायला द्यायची, रागावलेल्या ग्राहकाशी बोलायला लावायचे आणि शेवटी मुलाखत घ्यायची, असा त्याचा साधारण क्रम असतो. हा माझा दुसरा प्रयत्न आहे. पहिल्या खेपेला, दुसऱ्याच एका कंपनीत, मी दुपारच्या जेवणापूर्वीच बाद झाले होते आणि रामबागेत परतताना रिक्षात मनाशी घोकत होते की, सर्वांत जास्त मी बोलले, तरी मला कसे वगळले?

या पद्धतीची माहिती काढली तेव्हा उत्तराचा थोडा भाग हाती लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने 1942 मध्ये अधिकारी निवडण्यासाठी जी मंडळे नेमली, त्यांत उमेदवारांना नेता न नेमता एक काम देत आणि परीक्षक बाजूला उभे राहून नुसते पाहत. आपल्याकडील एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, गटकामे त्याच वळणाची आहेत. आमच्या गल्लीतील दोघे भोपाळला पाच दिवस राहून ती देऊन आलेले आहेत. पुढे अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने 1956 पासून आपल्या तरुण व्यवस्थापकांच्या दीर्घ अभ्यासात हीच रीत वापरली आणि तेथून ती उद्योगांत रुळली. परीक्षकाला शिकवलेले असते ते असे की, आधी जे दिसले व ऐकू आले ते जसेच्या तसे टिपायचे आणि मत नंतर बनवायचे. म्हणजे 'हुशार वाटली' असे त्याच्या कागदावर नसते. 'तिसऱ्या उमेदवाराचे वाक्य मध्येच तोडले' असे असते. माझ्या कागदावर त्या दिवशी काय काय लिहिले गेले असेल, याची मला आता बऱ्यापैकी कल्पना आहे.

माझे मामा शीतलामाता बाजारातील एका साड्यांच्या दुकानात 28 वर्षे गादीवर बसून विक्री करत आहेत. बाद झाल्यानंतरच्या रविवारी मी नुसतीच त्यांच्यामागे जाऊन बसले. चौघीजणी आल्या होत्या. नवरीमुलगी, तिची आई, एक सतत बोलणाऱ्या काकू आणि भिंतीला टेकून बसलेल्या एक वयस्क बाई. काकूंनी रंग सांगितले, भाव विचारले, समोरच्या दुकानात हेच स्वस्त मिळते हेही ऐकवले. मामा त्यांना 'हो हो' म्हणत राहिले. पण प्रत्येक नवी घडी मोडली की तिचा पदर त्या वयस्क बाईंच्या मांडीपर्यंत सरकवत होते. माहेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे जाणकार बाई तो आधी उलटून पाहते. त्या बाईंनी एकच काठ उलटला, अंगठ्याने एकदा घासला आणि तीच साडी निघाली. काकूंना मात्र शेवटपर्यंत वाटत होते की, खरेदी त्यांनीच केली.

त्या गेल्यावर मी विचारले, "मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, काठ कोणी उलटला ते बघत होतो," एवढे म्हणून ते साड्यांच्या घड्या घालू लागले.

गटचर्चेतील मंडळी ही गिऱ्हाइके नव्हेत, त्यामुळे ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तरी तेव्हापासून माझ्या तयारीचा रोख बदलला. आम्ही पाच मैत्रिणी आठवड्यातून दोनदा आमच्या गच्चीवर जमतो. चौघी चर्चा करतात आणि पाचवी घड्याळ व वही घेऊन कोण किती वेळा बोलले, कोणी प्रश्न विचारला, कोणी कोणाला तोडले, एवढेच लिहिते. विषय आम्हीच बनवतो: दिवाळीला बारा दिवस उरले आहेत, व्यवस्थापक रजेवर आहे, सहापैकी दोन कर्मचारी आलेले नाहीत, मुलांच्या कपड्यांचा माल गोदामातच आहे आणि दर्शनी भागात गेल्या हंगामातील न उठलेला माल अडकून बसला आहे, वीस मिनिटांत कामांचा क्रम लावा. पहिल्या दिवशी माझ्या नावापुढे 23 वेळा बोलल्याची नोंद होती, सहा वेळा तोडल्याची होती आणि प्रश्नांच्या रकान्यात शून्य होते. ती वही मी आईला दाखवली नाही.

भाषेची अडचण वेगळीच निघाली. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि सभागृहात इंग्रजी. आकडे मात्र माझ्या डोक्यात मराठीतच येतात. 'साडेबाराशे' मनात येऊन त्याचे इंग्रजी होईपर्यंत समोरची मुलगी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते आणि मग ती संधी सुटू नये म्हणून मी तिला तोडते. यावर उपाय साधाच सापडला: आकडा तोंडी सांगण्याआधी कागदावर लिहायचा आणि तो कागद सर्वांना दिसेल असा मध्यभागी ठेवायचा. त्यामुळे बोलणेही कमी झाले आणि चर्चा आपोआप त्या कागदाभोवती होऊ लागली.

हिशेबाची तयारी करण्यावाचून पर्याय नाही, कारण गटात एकाने चुकीची टक्केवारी ठामपणे सांगितली की बाकीचे तिच्यामागून जातात. हमखास घोळ होतो तो खरेदीवरच्या आणि विक्रीवरच्या नफ्यात. 1,600 रुपयांना घेतलेली साडी 2,000 ला विकली, तर खरेदीवर नफा 25 टक्के आणि विक्रीवर 20 टक्के. '25 टक्के सुटतात, 20 टक्के सूट देऊन टाकू' असे म्हणणाऱ्याने तीच साडी 1,600 ला विकली आणि हाती काहीच उरले नाही. दुसरा हिशेब दुकानात येणाऱ्यांचा. दिवसाला 240 माणसे आत आली, 60 बिले फाटली आणि गल्ला 54,000 झाला, तर चौघांतील एकच खरेदी करतो आणि सरासरी बिल 900 चे होते. रोज 9,000 वाढवायचे असतील, तर एकतर आणखी दहाजणांनी घ्यायला हवे किंवा त्याच साठजणांचे बिल 1,050 वर जायला हवे. यांतील कोणते सोपे, हे माल, जागा आणि माणसे पाहिल्यावरच ठरते, आणि माझ्या मते गटाने वाद घालावा तो याच जागी.

रागावलेल्या ग्राहकाच्या संवादासाठी मी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा चाळला. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी आमच्या बाजारात जागोजाग दिसते. पण माल सदोष असेल, तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मामांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहिले आणि मालकांकडे पाहण्याचे टाळले. ग्राहकाला कलम ऐकवायचे नाही, एवढे मात्र त्यांनी बजावले: आधी पिशवीतून वस्तू बाहेर काढू द्यायची, ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि नेमके कुठे फाटले आहे ते त्यालाच दाखवायला सांगायचे.

कपडे, कागदपत्रे आणि वेळेवर पोहोचणे यांवर लिहिण्यासारखे काही नाही. साधे पेन मात्र दोन ठेवले आहेत, कारण मागच्या वेळी शेजारच्या मुलाचे पेन बंद पडले होते आणि मी माझे पुढे केले नव्हते.

काल संध्याकाळी शेवटचा सराव झाला. वहीत माझ्या नावापुढे बोलणे 11 वेळा, प्रश्न 4, तोडणे 2. त्या दोन्ही वेळा मी त्याच एका मैत्रिणीला तोडले होते, जी सर्वांत सावकाश बोलते. आज रात्री आम्ही दोघीच गच्चीवर बसणार आहोत आणि विषय तीच निवडणार आहे.