आबांचा मॅसी आणि तिसऱ्यांदा उघडलेला क्लच

आमच्या आबांचा ट्रॅक्टर १९८२ सालचा. टॅफेने मद्रासमध्ये बनवलेला मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. आबा गेल्यावर घरात दोनदा विकायचा विषय निघाला आणि दोन्ही वेळा आईने नको म्हटलं. मग मी ठरवलं की ठेवायचा तर नीट करून ठेवायचा. इंजिनचं काम दिवाळीत झालं होतं. क्लचचं काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत उरकायचं, कारण त्यानंतर पावसाळ्याआधीच्या मशागतीला कुणालाच सवड मिळत नाही.

क्लचची मला खरी धास्ती होती. चार वर्षांत दोनदा नवी प्लेट टाकली होती, तरी भरलेली ट्रॉली घेऊन बोरी नदीच्या काठावरून वर चढायचं म्हटलं की इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं मात्र जागची हलायची नाहीत आणि जळका वास सुटायचा. दोन्ही वेळा ज्याने काम केलं, त्याने "ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो" एवढंच सांगून पैसे घेतले. आबांना ते फार लागलं होतं. त्यांनी आयुष्यात कधी क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवला नव्हता.

या वेळी मी गल्लीतल्या नानांना बोलावलं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, आता हात थोडा थरथरतो, पण कान आणि डोळे शाबूत आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "घाई करशी ते परत खोलनं पडी, भाऊ."

या गाडीत क्लच काढायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. बॉनेट, वायरी, डिझेलचा पाइप, दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगच्या दांड्या आणि पुढच्या एक्सलला जाणारे रॉड सोडायचे, मग इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. त्याआधी पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकाव्याच लागतात, नाहीतर सुटं झालेलं इंजिन एका अंगाला कलंडतं. आम्ही बाभळीच्या पाचरी मारल्या. इंजिनखाली लाकडी ठोकळे, गिअरबॉक्सखाली चाकांचा जॅक. ऊन इतकं की दुपारी पाना हातात धरवत नव्हता, म्हणून पहाटे पाच ते नऊ आणि मग संध्याकाळी.

नानांनी उघडण्याआधी एक गोष्ट केली, ती मला आयुष्यभर आठवेल. जमिनीवर आडवे झाले आणि क्लचच्या घराच्या तळाला बोट लावून म्हणाले, "इथं एक भोक असतं. त्यात एक पिन लोंबते. पिन हलत राहिली की भोक मोकळं राहतं आणि आत तेल आलं तर खाली टपकून कळतं." आमचं भोक काळ्या मातीने गच्च भरलेलं होतं. स्क्रूड्रायव्हरने कोरलं तर आधी माती आणि मग तेलाची धार आली. अर्धी वाटी तरी निघालं असेल.

ते तेल त्यांनी बोटांत चोळून पाहिलं. काळं, पातळ. गिअरबॉक्सचं तेल असतं तर घट्ट असतं आणि त्याला उग्र वास असता. म्हणजे हे इंजिनचं. क्रँकच्या मागच्या सीलमधून येऊन फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकावर उडत होतं. नवी प्लेट दोनदा टाकणाऱ्याने दोन्ही वेळा हे पाहिलं नव्हतं. मला राग आला तो पैशांसाठी नाही. आबांना विनाकारण बोल लागला, त्यासाठी.

फोडल्यावर आतली धूळ हवेच्या पंपाने उडवायला मी निघालो, तर नानांनी हात धरला. प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, तोंडाला रुमाल बांधायचा आणि ते फडकं फेकून द्यायचं. कव्हर काढण्याआधी फ्लायव्हील आणि कव्हरवर पंचने खुणा केल्या, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि तोल बिघडणार नाही. बोल्ट एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत, सगळे थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर कव्हर वाकतं.

या मॅसीत क्लच दुहेरी. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ, म्हणजे मागच्या अवजारांना फिरवणारा शाफ्ट, चालू राहतो. पूर्ण दाबलं की पीटीओ आणि त्याच्यावर चालणारा लिफ्टचा पंपही थांबतो. म्हणून प्लेटा दोन: मोठी गिअरबॉक्सची, लहान पीटीओची. आत एका पोकळ शाफ्टमधून दुसरा शाफ्ट गेलेला. लहान प्लेट जवळपास कोरी निघाली. मोठी तेलाने काळी आणि जळून काचेसारखी गुळगुळीत झालेली. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या खाली व्हर्नियरने जेमतेम ०.४ मिमी भरली. "हाई प्लेट आते काय कामनी नही," नाना म्हणाले. तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन वापरणारे असतात, पण तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं.

प्रेशर प्लेटवर पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली फिलर गेज घातली, मध्ये किंचित खळगी होती. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि नखाला लागणाऱ्या दोन रेषा, पण तडा नाही. दोन्ही भाग अमळनेरला टर्नरकडे नेले. त्याने लागेल तेवढंच छिलून सपाट केलं. मधली पायलट बेअरिंग हातात फिरवली तर खरखरत होती, ती बदलली. रिलीज बेअरिंग मी डिझेलने धुवायला घेतली होती. नाना ओरडले. ती बंद असते, आत डिझेल गेलं की ग्रीस निघून जातं आणि महिनाभरात ती आवाज करते. फक्त पुसायची.

सील मात्र रडवणारं काम. आमच्या इंजिनात ते दोरीचं, दोन अर्ध्या घरांत दाबून बसवायचं. दोरी तेलात भिजवली, गोल दांडीने रेटून बसवली, टोकं घराच्या कडेच्या किंचितशी वर ठेवून कापली. एकदा चुकलं, नवी दोरी आणावी लागली. त्यातच दोन संध्याकाळी गेल्या.

जोडताना प्लेटा एका रेषेत राहायला जुन्या शाफ्टचा तुकडा वापरला. क्लच सोडवणाऱ्या तीन लिव्हरची, म्हणजे बोटांची, उंची सारखी येईपर्यंत नाना बोल्ट फिरवत राहिले, मी बॅटरी धरून. शाफ्टच्या दातांवर (स्प्लाइनवर) ग्रीसचा नुसता हात फिरवला, जास्त लावलं तर तेच प्लेटवर उडतं. गिअरबॉक्स पुढे सरकवताना तो थोडक्यासाठी अडला. मी बोल्टने ओढायला गेलो, पण नानांनी थांबवून इंजिन हाताने जरासं फिरवलं आणि दात आपोआप बसले. पेडलला साधारण २० मिमी मोकळा खेळ ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला. रोटाव्हेटर लावून पेडल अर्धं दाबलं. चाकं थांबली, मागे रोटाव्हेटर फिरतच राहिला. तेव्हा आई ओट्यावरून उठून जवळ आली. दुसऱ्या दिवशी शेणखताची भरलेली ट्रॉली बोरीच्या काठाने वर चढली, मध्ये एकदाही न ओरडता.

त्या रात्रीपासून मी ट्रॅक्टर उभा केला की भोकाखाली पांढरा पुठ्ठा ठेवतो. सव्वा महिना झाला, त्यावर धूळ आहे, एक चिमणीचं पीस आहे, तेलाचा थेंब नाही.