बेसवर एकाच बोटाने दोन तारा: कलंडवणं जमायला लागलंय

या पावसाळ्यात डाव्या हाताची एक अडलेली गोष्ट सुटली, तिची ही नोंद. बेस गिटारच्या ई, ए, डी, जी या तारा एकमेकींपासून सा-म च्या अंतरावर लावलेल्या असतात. त्यामुळे सा वरून म वर जायचं तर फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) तोच राहतो, तार तेवढी बदलते. चालींमध्ये ही उडी सतत येते आणि बोट नेमकं तिथेच अडतं.

बोट उचलून पुढच्या तारेवर ठेवलं तर मध्ये फट पडते. आडवं दाबून धरलं तर दोन्ही सूर एकत्र वाजत राहतात. पाचव्या फ्रेटवर ई आणि ए तारेचे सूर साधारण ५५ आणि ७३ हर्ट्झचे. इतक्या खर्जात ते एकमेकांत मिसळले की चाल गढूळ होते.

जमलं ते बोट कलंडवणं, असं. ई तार बोटाच्या टोकाने दाबायची. ए वर जाताना शेवटचा सांधा किंचित सपाट करायचा, म्हणजे पेराचा मऊ भाग ए वर दाबला जातो. टोक ई वरून उचलायचं नाही, फक्त त्याचा दाब काढायचा. त्या स्पर्शानेच ई मुकी होते. परतताना टोक पुन्हा दाबायचं आणि पेर ए ला नुसतं टेकलेलं ठेवायचं.

तर्जनीने हे लवकर येतं. करंगळीचा मात्र सांधा आत कोसळतो. हाताच्या पाठीवर तिचा आणि अनामिकेचा स्नायुरज्जू आडव्या बंधांनी जोडलेले असल्याने तिला एकटीला हलवणंच कठीण. तिच्यावर जोर काढण्यापेक्षा मनगट किंचित फिरवून ती हालचाल दिली, तेव्हा फरक पडला. माझ्या मते या तंत्राचं मर्म मनगटात आहे.

सराव पाचव्या फ्रेटवर, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर: चारही तारा चढत, मग उतरत, एकेका बोटाने स्वतंत्रपणे. दाब किती हवा हे शोधायला सूर वाजवून बोट हळूहळू सैल करायचं, तार फरफरली की अगदी थोडं घट्ट. फ्रेटच्या पट्टीच्या लगेच मागे बोट असेल तर आश्चर्य वाटावं इतका कमी दाब पुरतो. पुण्यातल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर जूनमध्ये हवा दमट झाली की नेकचा, म्हणजे तारांखालच्या दांड्याचा, बाक बदलतो. तारा उंच लागल्या तर आधी ट्रस रॉड (हा बाक ठरवणारी नेकमधली सळई) तपासून घ्या, नाहीतर बोटं विनाकारण झिजतात.

खाली, पहिल्या चार फ्रेट्समध्ये, मी एका फ्रेटला एक बोट हा हट्ट धरत नाही. ३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या पट्टीचं अंतर जवळपास १३ सेंटिमीटर, पाचवी ते आठवी मात्र १० च्या थोडं वर. त्या खालच्या फ्रेट्समध्ये डबल बेस या उभ्या, मोठ्या वाद्याचा शिक्षक सिमांडल याची पद्धत हाताला मानवते: तर्जनी, मधलं बोट, आणि करंगळीला अनामिकेचा आधार.

सध्या संध्याकाळी नदीपात्रातून ढोलपथकांचा सराव ऐकू येतो, त्यात ई तार कानापर्यंत पोचतच नाही. म्हणून हेडफोन लावून रेकॉर्ड करतो आणि सुरांच्या शेपट्या ऐकतो. गढूळपणा तिथेच पकडता येतो. तर्जनी आता ९० वर स्वच्छ आहे, करंगळी ७२ वर. आता सातव्या फ्रेटवर हेच, पण डी आणि जी वर, कारण तिथे टोकाऐवजी पेराने मुकी करायची तार राहून जाते.