आखाजीला आमच्याकडे सोनं घेत नाहीत, घागर घेतात

अक्षय्य तृतीया जवळ आली, की वैशाख लागायच्या आधीच फोनवर सुरू होतं. जळगावच्या सराफांच्या जाहिराती, घडणावळीवर सूट, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी पुढे ढकललेली 'आजच्या दिवसाचं महत्त्व' अशी लांबलचक यादी. परशुरामाचा जन्म, गंगेचं पृथ्वीवर येणं, त्रेतायुगाची सुरुवात, व्यासांनी सांगितलेलं महाभारत गणपतीने लिहायला घेतलं तो मुहूर्त. वनवासात युधिष्ठिराला सूर्याने दिलेली थाळी, द्रौपदी जेवेपर्यंत जिच्यातलं अन्न संपत नाही. सुदाम्याचे पोहे. साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हणून लग्नं आणि सोनं.

या सगळ्या कथा मला आवडतात. पण यातली एकही मी लहानपणी आखाजीच्या निमित्ताने ऐकलेली नाही. माझं माहेर खानदेशात, अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी. आमच्याकडे अक्षय्य तृतीया कुणी म्हणतच नाही, आखाजी म्हणतात, आणि तिचा मान दिवाळीएवढा. किंबहुना जास्तच. दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो, माणसं शेतात. आखाजीला गहू-हरभरा घरात येऊन पडलेला, खरीप अजून लांब, आणि बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन. शेतकऱ्याला खरी सवड मिळते ती तेव्हाच.

आणि त्या उन्हात आठवण येते ती पितरांची.

माझ्या आजीच्या लेखी आखाजी म्हणजे घागर. कुंभाराकडून नवी लाल घागर यायची. पैशाच्या जोडीला सुपात गहू द्यायचा, नुसत्या पैशावर घागर आणणं तिला पटत नसे. धुऊन, गळ्याला दोरा गुंडाळून, गव्हाच्या राशीवर ती मांडायची. काठोकाठ पाणी, वर मातीचं लहान बोळकं, त्यावर डांगर. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. तापीच्या वाळूतलं मिळालं तर आजीची कळी खुलायची. शेजारी सांजोऱ्या आणि आंबा. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा घास: आगारी. धूर झाला, पितर जेवले, की घरातल्यांची पानं.

त्याआधी आंबा तोंडात घालायचा नाही. बाजार हापूसने भरलेला असो, झाडाचा पाड पिकून खाली पडो, आगारी पडेपर्यंत आंबा पितरांचा. नव्या माठाचं पाणीसुद्धा आधी त्यांना. आम्ही पोरं चोरून कैऱ्या खायचो, त्याला हरकत नव्हती. कैरी म्हणजे आंबा नव्हे, असा सोयीचा निकाल आजीनेच दिला होता.

एकदा नव्या सुनेने, म्हणजे माझ्या काकूने, या दिवशी ग्रॅमभर तरी सोनं घ्यावं असं सुचवलं. आजी चुलीपुढून म्हणाली, "पितरस्ले तहान लागस वं. सोनं लिसन काय करतीन त्या?" पितरांना तहान लागते गं, सोनं घेऊन काय करतील ते?

गंमत अशी, की पुढे मला कळलं, या घागरीला शास्त्राचाही आधार आहे. उदकुंभ दान, पाण्याने भरलेला घडा पितरांच्या नावाने देणं, हा या तिथीचा जुना विधी. या दिवशी दिलेलं क्षय पावत नाही ही मूळ कल्पना. देण्याच्या दिवसाचा घेण्याचा दिवस कधी झाला, ते सराफ बाजारालाच विचारावं.

एक कथा मात्र आमच्या गल्लीत होती, आणि ती गाण्यांतून यायची. गौराईची. पार्वती चैत्रात माहेरी येते, आखाजीला शंकरजी तिला न्यायला येतात. बस, एवढीच. मोठ्या पुराणात ती कुठे आहे का, हे कुणी विचारलं नाही, कारण ती प्रत्येक घरात घडत होती. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जायचा, लेक माहेरी आली की निंबाला झोका बांधलेला असायचा. लाकडी गौराईच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांची माळ, पोरी संध्याकाळी वाजतगाजत तिच्यासाठी पाणी आणायला जायच्या. झोक्यावरच्या गाण्यांत सासूचा उद्धार व्हायचा, दिराचा व्हायचा, आणि शंकरजींनाही सुट्टी नव्हती. देव झाला म्हणून काय, जावईच तो.

दुसऱ्या दिवशी गौराई नदीवर. आणि तिथे खरी मजा. पलीकडच्या काठाला शेजारच्या गावाच्या बाया, अलीकडे आम्ही, मधे बोरीचं कोरडं पात्र, आणि दोन्हीकडून शिव्या. मनसोक्त, यमकात, हातवारे करून. वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या माझ्या थोरल्या काकूचा आवाज तिथे पहिला. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, फिरकला तर त्याचीही पूजा व्हायची. सभ्य लोकांनी ही प्रथा बंद व्हावी असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. अजून येतो.

पुरुषांची आखाजी वेगळी. पिंपळाखाली पत्ते. एरवी पत्त्याला हात न लावणारेही बसायचे, आणि दुपारची पुरणपोळी-रशी आणि आमरस झाला की डाव संध्याकाळपर्यंत. कोण किती हरला हे बायकांना रात्री कळायचं. यावर जास्त लिहीत नाही, माहेरची माणसं हे वाचतात.

पण गावाच्या दृष्टीने सर्वात मोठा व्यवहार सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा. सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. जुना हिशेब मिटवायचा, उचल किती, साल म्हणजे वर्षाची मजुरी किती, धान्य-कपडे काय, हे ओट्यावर बसून ठरायचं. माझ्या वडिलांना या बोलणीचं पुरणपोळीपेक्षा जास्त टेन्शन असे. मालक आणि गडी दोघंही त्या दिवशी गोड जेवलेले असतात, म्हणून भांडण वाढत नाही, असं ते म्हणत. मला तसं वाटत नाही. ज्याच्यावर मागच्या वर्षीची उचल शिल्लक आहे, तो पोळी खाऊनही तेवढाच अडलेला. आता ट्रॅक्टर आले, सालदार मिळत नाही, मिळाला तर आकडा सालदारच सांगतो. भावाला याचं वाईट वाटतं, मला नाही.

आखाजीला आलेल्या लेकी लगेच परतत नसत. पाठोपाठ अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या वाळवंटात दुकानं, पाळणे, आणि वैशाख शुद्ध एकादशीला रथ. रथ बघितल्याशिवाय सासरी कोण जाणार? त्या आठ दिवसांत कुरडया-पापडांची शेवटची घाई उरकायची आणि बांगड्या भरून व्हायच्या. मला नाशिकच्या नोकरीतून दोनच दिवस मिळतात. आखाजी कधी एप्रिलच्या उत्तरार्धात, कधी मेमध्ये. २०२४ ला १० मे, २०२५ ला ३० एप्रिल. साहेबांना दरवर्षी नवी तारीख सांगावी लागते, आणि ते दरवर्षी विचारतात, "अक्षय्य तृतीयेला तर सोनं घेतात ना? त्याला रजा कशाला?"