मतलई, खारे वारे आणि सुरूचा पराग

फाल्गुन लागला की कोकण किनाऱ्यावरच्या गावांत शिंकांचा हंगाम सुरू होतो आणि त्याचे खापर बहुतेक वेळा आंब्याच्या मोहोरावर फुटते. मला हा आरोप फारसा पटत नाही. आंब्याचा पराग चिकट असतो. माश्या आणि इतर कीटकांच्या अंगाला लागून तो एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो, वाऱ्यावर लांबचा प्रवास करणे त्याच्या प्रकृतीत नाही. मोहोराच्या उग्र दरवळाने नाक चुरचुरते हे खरे, त्याच दिवसांत बागांतून फवारण्याही चालू असतात, आणि झाडाखालीच वावरणाऱ्याला परागाचाही त्रास होऊ शकतो. परंतु बागेपासून दूर, समुद्रालगत राहणाऱ्याने संशयितांची यादी करताना वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडांपासून सुरुवात करावी. अशी झाडे आपल्याकडे मोजकीच आहेत. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) सुरू, आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) पोफळ आणि काही अंशी माड, बांधावर शिंदी, क्वचित कुठे वावळ. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक वृक्षांनी परागवहनाचे काम कीटक, पक्षी आणि वटवाघळे यांच्यावर सोपवलेले आहे, त्यामुळे बर्च आणि ओकच्या देशांत तयार झालेले परागांचे तक्ते कोकणात तसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

हवामानाचा संबंध पराग उडण्याच्या आधीपासूनच येतो. परागकोशाच्या, म्हणजे फुलातल्या पराग साठवणाऱ्या पिशवीच्या, भिंतीत एक थर असा असतो की त्यातील पेशींच्या भिंतींना जाड पट्ट्या असतात. हवा कोरडी होऊ लागली की या पेशींतले पाणी निघून जाते, पातळ बाजू आकसते, जाड बाजू तशीच राहते, आणि या ताणामुळे उन्हात घातलेल्या कोकमाच्या सालीसारखी कोशाची भिंत कडेने वळून उघडते. म्हणजे कोश उघडण्यासाठी नुसते ऊन पुरत नाही, हवेने पाणी ओढून घेणे आवश्यक असते. दमट हवेत फूल तयार असूनही पराग आत अडकून राहतो.

हे घरी पाहता येते. सुरूच्या नर फुलांचे तुरे सुयांसारख्या डहाळ्यांच्या टोकाला असतात, तांबूस-तपकिरी, नीट पाहिल्याशिवाय फूल म्हणून ओळखूही न येणारे. पहाटे दवाने ओली झालेली अशी डहाळी काळ्या कागदावर झटकली, तर पाण्याचे थेंब आणि एखादी मुंगी यांखेरीज फारसे काही पडत नाही. तीच डहाळी खिडकीत उन्हाच्या तिरिपेत ठेवून, जेवणाच्या थोडे आधी पुन्हा झटकली, की कागदावर पिवळसर भुकटी उमटते, इतकी बारीक की बोटाने पुसली तर डाग पडतो आणि जरा जोराने श्वास सोडला तर निम्मी नाहीशी होते. शिंदीच्या नर झाडाचा तुरा तर भर दुपारी काठीने हलवला, तरी पांढुरका धूर निघाल्याचा भास होतो. ज्याला दमा आहे त्याने हा प्रयोग करू नये, हे सांगायला हवे.

आता वाऱ्याकडे वळू. किनाऱ्यावर हिवाळा आणि उन्हाळ्याच्या आरंभी वाऱ्याचे दिवसातून दोन फेरे असतात. रात्रभर आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. जमीन तापली की दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. पहाटे दव असते आणि खालची थंड हवा जमिनीलगत साचून राहते. ऊन वर आल्यावर दव उडते, हवा कोरडी होते आणि तापलेली हवा वर उठू लागते. खारे वारे आले की दमटपणा पुन्हा वाढतो. दव उडाल्यापासून वारा फिरेपर्यंतचे हे काही तास सुरूला पराग सोडण्यास सर्वांत सोयीचे. मैदानी प्रदेशात परागाचे वेळापत्रक मुख्यतः सूर्य ठरवतो. कोकणात सूर्याइतकाच त्यावर समुद्राचा हक्क आहे.

पण पराग सुटण्याची वेळ आणि तो नाकापर्यंत पोचण्याची वेळ एक नव्हे. गुहागर, दिवेआगर, काशीद किंवा रत्नागिरीजवळचे भाट्ये, कुठेही पाहा, सुरूचे बन पुळणीवर, म्हणजे गावाच्या पश्चिमेला आहे. सकाळी सुटलेला पराग मतलईबरोबर गावापासून दूर, पाण्याकडे जातो. दुपारी वारा फिरल्यावर बनात उरलेला, डहाळ्यांवर आणि वाळूवर बसून पुन्हा उडालेला, आणि काही प्रमाणात समुद्रावरच्या हवेत तरंगत राहिलेला पराग गावाकडे येऊ लागतो. म्हणूनच सकाळी बरे असणारे माणूस दुपारच्या झोपेनंतर शिंकत उठते, आणि घरातले लोक पंख्याला किंवा ताकाला दोष देतात. बनाच्या पूर्वेला घर असलेल्यांनी सकाळी खिडक्या उघड्या ठेवून वारा फिरताच पश्चिमेकडच्या लावून घ्याव्यात. सरसकट ‘सकाळी खिडक्या बंद ठेवा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

हा प्रवास किती लांबचा असू शकतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. सुमारे 25 ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा परागकण स्थिर हवेत सेकंदाला साधारण 2 ते 3 सेंटिमीटर या वेगाने खाली येतो. 10 मीटर उंचीवरून सुटलेल्या कणाला जमीन गाठायला सहा-सात मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात ताशी 18 किलोमीटरचा वारा त्याला 2 किलोमीटर नेतो. वर उठणारी तप्त हवा मध्ये आली तर हिशेब आणखी लांबतो. मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली याने एकोणिसाव्या शतकात पतंगांना चिकट काचपट्ट्या बांधून शेकडो फूट उंचीवरचा पराग पकडला होता. त्याला स्वतःलाच परागाचा त्रास होता, हे विशेष.

वारा जितका जोराचा तितका त्रास जास्त, असेही नाही. डहाळी हलून पराग सुटायला झोताची गरज असते, परंतु सतत जोराचा वारा तोच पराग इतक्या हवेत विखरून टाकतो की एका श्वासात येणारे कण कमी होतात. वाईट दिवस निराळे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडचा कोरडा वारा नेट धरून बसतो, खारे वारे उशिरा येतात आणि कोकणात पारा चढतो. किनारी ठिकाणी कमाल तापमान 37 अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असले, की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. अशा दिवशी कोश उघडण्याचा अवधी लांबतो, आणि उशिरा फिरलेल्या वाऱ्याला वाहून आणायला भरपूर पराग तयार असतो.

पाऊस हवा धुतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परागकण आकाराने मोठे असल्याने थेंबांच्या तावडीत चांगले सापडतात. वळवाच्या गडगडाटी पावसाबद्दल मात्र एक सावधगिरी. 21 नोव्हेंबर 2016 रोजी मेलबर्नमध्ये गडगडाटी वादळानंतर हजारो लोकांना एकाएकी दम लागला आणि 10 मृत्यू झाले. ओलाव्याने परागकण फुटून त्यांतले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरले, असे त्याचे मुख्य स्पष्टीकरण दिले जाते. तो पराग गवताचा होता, झाडांचा नव्हता. आपल्या सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचे, गवत मे महिन्यात वाळून गेलेले असते. ते फुलते पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे परतीच्या पावसाच्या गडगडाटाच्या आसपास. दमेकऱ्यांनी काळजी घ्यायचीच तर मेपेक्षा ऑक्टोबरात जास्त घ्यावी, असे मला वाटते.

जून ते सप्टेंबरमधल्या शिंका बहुतांशी बुरशीच्या खात्यावर टाकाव्यात. अपवाद माडाचा. चांगल्या माडाला वर्षभर, जवळजवळ दर महिन्याला नवी पोय, म्हणजे फुलांचा तुरा, येते. तिच्या टोकाकडची हजारो नर फुले आधी उमलतात आणि बुंध्याकडची मोजकी मादी फुले मागाहून. पावसाच्या झडीत ही नर फुले भिजून गळतात, पण श्रावणात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली, की त्यांचेही कोश उघडतात आणि आगरातल्या घराच्या ओटीवर माडाचा पराग पोचतो.