हा ल आपला नाही

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "अगं, हा ल आपला नाही."

मला वाटलं होतं, पान पटकन उघडलं याचं त्यांना अप्रूप वाटेल. लांज्याजवळच्या आमच्या घरी पावसाळ्यात रेंज मिळते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, तीही येऊन-जाऊन. बातम्यांचं एखादं संकेतस्थळ उघडावं तर आधी जाहिरात, मग कुकीची परवानगी, आणि मजकूर दिसेपर्यंत रेंज गेलेली. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांच्यासाठी जेमिनीचा ब्राउझर लिहायला घेतला. गूगलचा एआय नव्हे. हा जेमिनी म्हणजे वेबच्या जोडीने चालावा म्हणून २०१९ मध्ये सॉल्डरपंक या टोपणनावाच्या माणसाने सुरू केलेला प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत. गोफर नावाची जुनी, साधी रीत आणि वेब यांच्या मधला. अमेरिकेच्या जेमिनी यानातून माणसं पहिल्यांदा गेली ती १९६५ साली, म्हणून याचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांकही १९६५. ब्राउझरने फक्त एक पत्ता पाठवायचा. सर्व्हरकडून दोन आकडी उत्तर आणि त्यामागे मजकूर येतो. मजकुरात जावास्क्रिप्ट नाही, रंगरूप नाही, चित्रं आपोआप उतरत नाहीत. प्रत्येक दुवा स्वतंत्र ओळीवर. अण्णांच्या पावसाच्या वहीचं अख्ख्या जून महिन्याचं पान अकरा किलोबाइटचं आहे.

पण प्रोटोकॉल हलका म्हणजे ब्राउझरचं काम हलकं, हा माझा समज त्या एका वाक्याने मोडला. पान बनवणाऱ्याने फॉन्ट, रुंदी, ओळींमधलं अंतर यातलं काहीच ठरवायचं नाही, असा इथला नियम आहे. मग ते कुणीतरी ठरवायलाच हवं, आणि तो कुणीतरी म्हणजे ब्राउझर. तिथे बसलेल्या माणसाने देवनागरीचा विचार केला नसेल तर वाचणाऱ्याला दुसरी वाटच नाही.

अण्णांनी अडतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांचा ल वेगळा, श वेगळा, हिंदीतल्यासारखा नाही. बऱ्याच फॉन्टांत ही दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे कुणीतरी फॉन्टाला सांगावं लागतं. गंमत अशी की जेमिनीत त्याची सोय आधीपासून आहे! सर्व्हर उत्तराच्या पहिल्या ओळीत 'लँग' म्हणून भाषेची खूण देऊ शकतो, मराठीसाठी 'एमआर'. आमचा सर्व्हर ती देत होता. माझा ब्राउझर ती वाचून टाकून देत होता. मी ती पुढे अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझपर्यंत पोचवली. चार ओळींचं काम. ल बदलला. अण्णा नुसते "हं" म्हणाले आणि वाचायला लागले. तो 'हं' मी विसरणार नाही.

त्याआधीची आवृत्ती तर याहून वाईट होती. जेमिनीत एक परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ, ती पडद्याच्या रुंदीप्रमाणे ब्राउझरने मोडायची. मी ती युनिकोडचे घटक मोजून मोडत होते, म्हणजे संगणक साठवतो ते अक्षराचे सुटे तुकडे: व एक, त्याची वेलांटी दुसरा. एकदा 'आत्मविश्वास' असा तुटला की व ओळीच्या शेवटी राहिला आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या ओळीवर, ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली. ज्याला युनिकोड ठाऊक नाही त्याला ते वर्तुळ काय सांगणार? त्याला वाटतं, आपलाच फोन बिघडला.

चुकांच्या निरोपांवर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला समाधान आहे. उत्तराचा पहिला आकडा सहापैकी एक असतो, म्हणून सहाच वाक्यं नीट लिहिली की काम भागतं. ५१ आलं तर "या पत्त्यावर पान नाही." ४४ आलं तर सर्व्हर म्हणतोय, जरा सावकाश, मग "थोड्या वेळाने मी पुन्हा विचारते" असं म्हणून ब्राउझरने स्वतःच विचारायचं. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राचा भाग अवघड गेला. इथे पहिल्या भेटीत सर्व्हरची ओळख लक्षात ठेवायची आणि पुढे ती बदलली तर सावध करायचं, अशी बहुतेक ब्राउझरांची रीत. इंग्रजीत 'फिंगरप्रिंट' वगैरे दाखवून अण्णांना काय उपयोग? आता तिथे लिहिलंय: "या घराचं कुलूप बदललंय. मालकाने बदललं असेल, नाहीतर दारात दुसरंच कुणी असेल. मालकाला विचारून मगच आत जा." अण्णांनी खरंच फोन करून मला विचारलं. मालक मीच होते, प्रमाणपत्र मीच बदललं होतं.

एक चूक मात्र मला लागली. माझ्या पानाखाली अभिप्रायाची जागा होती. अण्णांनी तिथे पाऊण तास बसून पत्र लिहिलं. जेमिनीत असं उत्तर पत्त्यालाच जोडून जातं आणि पत्त्याची मर्यादा १०२४ बाइट. देवनागरीचा एक घटक यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत मांडायच्या नेहमीच्या रीतीत, तीन बाइटचा, पत्त्यात बसवताना त्याचे नऊ होतात. 'क्षत्रिय' एवढा एक शब्द बहात्तर बाइट खातो. म्हणजे सगळं मिळून मराठीत शे-सव्वाशे घटकांच्या आतच. ब्राउझरने उरलेलं पत्र गुपचूप कापून टाकलं. मला मिळालेल्या तुकड्याचा शेवट "तुझं आंब्यांवरचं पान वाचलं, त्यात मोहोराबद्दल" असा होता. बाकीचं त्यांना पुन्हा आठवलं नाही.

आता लिहितानाच खाली "अजून एवढं मावेल" दिसतं. लांब लिहायचं असेल तर टायटनने जातं. तो जेमिनीचा जोडीदार, त्यात मजकूर पत्त्यात कोंबावा लागत नाही. आणि काही झालं तरी लिहिलेलं फोनवर राहतं, पोच मिळाल्याशिवाय पुसलं जात नाही.

अण्णांची पावसाची वही आता टायटननेच येते. परवा त्यांनी नक्षत्रांचा तक्ता पाठवला: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, समोर मिलिमीटर. तक्त्यासाठी जेमिनीत एकच सोय, जसं टंकलं तसं दाखवणारा मजकूर, आणि तो एका घटकाला एक चौकट धरून चालतो. 'आर्द्रा'चे घटक सात, दिसायला अक्षरं दोन. आकडे वेडेवाकडे झाले. आज रात्री एक करून बघणार आहे: अशा मजकुरात देवनागरी दिसली तर दोन किंवा जास्त मोकळ्या जागा म्हणजे नवा रकाना धरायचा, आणि रुंदी मोजायची ती प्रत्यक्ष उमटलेल्या अक्षरांची. पुष्याच्या सरी सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे.