नको तिथे मुक्काम

दुपारी साडेतीनला नदीकाठी पोहोचलो तेव्हा पाणी गढूळ राखाडी झालं होतं आणि तळातून दगडावर दगड आपटल्याचा दबका आवाज येत होता. हिमनदीच्या प्रवाहात हा आवाज ऐकू आला की चर्चेला जागा उरत नाही. धोंडे वाहताहेत तिथे माणसाचा पाय टिकत नाही. वर्षानुवर्षं वापरून टणक झालेली आमची मुक्कामाची जागा पलीकडच्या काठावर होती. अलीकडे फक्त कुरण.

उन्हाने वितळलेलं बर्फ खाली पोहोचायला काही तास घेतं, म्हणून अशा नद्या दुपारी चढतात आणि पहाटे सगळ्यात उतरलेल्या असतात. खिंडीत गारांच्या वादळाने अडकवलं नसतं तर आम्ही नऊ जण दुपारच्या आत पार झालो असतो. आता थांबणं भाग होतं. पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवला. पंधरा मिनिटांत तो बुडाला.

तेवढ्यात आमच्यातला एक जण बोलायचा थांबला. सॅकच्या पट्ट्याचं बक्कल त्याच्या बोटांना निघेना. गारांनी भिजलेले कपडे आणि वर वारा; अंग जोरात कापत होतं. कापतंय तोवर शरीर स्वतः उष्णता बनवतं आहे. ऊब न मिळताच कापणं थांबलं तर ते जास्त वाईट लक्षण. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराच्या ७०-८० तासांच्या कोर्समध्ये हे सगळं घोटून घेतलेलं असतं, पण थंड बोटांनी तंबूचे खांब जोडायचा सराव ज्याचा त्यालाच करावा लागतो.

पहिला तंबू जिथे उभे होतो तिथेच लावला. खाली कुठली वनस्पती आहे हे पाहिलं नाही, आणि पाहायचंही नसतं. आधी माणूस. ओले कपडे काढले, खाली दोन कॅरीमॅट, वर कोरडी स्लीपिंग बॅग. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून छातीशी आणि काखेत ठेवल्या. हातपाय चोळले नाहीत, लगेच चालायला लावलं नाही. कप स्वतः धरता यायला लागल्यावर गरम, भरपूर गोड पाणी दिलं.

शेकोटीची सूचना आलीच. वृक्षरेषेच्या वर सरपण म्हणजे खुरट्या झुडपांची वाळकी खोडं, आणि ती वाढायला पिढ्या गेलेल्या असतात. शिवाय वाऱ्यात शेकोटी एकच बाजू तापवते. स्टोव्हवर उकळलेलं लिटरभर पाणी स्लीपिंग बॅगेच्या आत जास्त काम करतं.

तो सावरायला लागला तशी बाकी तंबूंची जागा ठरवायला घेतली. नदीतला रेतीचा पट्टा एरवी उत्तम, कारण तिथे तुडवायला काही नसतं. चढत्या पाण्यात तो बाद. कुरणाच्या कडेला कुणीतरी केलेली जुनी चूल होती आणि भोवती थोडंसं दबलेलं गवत. सगळ्यांचं म्हणणं, आधीच खराब झालंय तर तिथेच राहू. नेमकं तिथेच राहायचं नसतं. गवताचं बरंचसं नुकसान वापराच्या पहिल्या काही रात्रींतच होतं. पुढच्या वापराने त्यात थोडीच भर पडते. त्यामुळे पूर्ण टणक झालेली जागा वापरावी, नाहीतर अजिबात न वापरलेल्या जागेवर एका रात्रीपुरतं विखरून राहावं. अर्धवट दबलेली जागा अजून सावरू शकते, आणखी एक रात्र तिला कायमची उघडी पाडते. हे पटवायला मला दरवेळी तंबू लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

कोरडं गवत लवचीक, पुन्हा उभं राहतं. ओलसर दलदलीची कड आणि काष्ठाळ देठांची बुटकी झुडपं टाळली. तंबू एकमेकांपासून लांब, पाण्यापासून ७० मीटरवर. स्वयंपाक सपाट कातळावर, कारण सगळ्यात जास्त तुडवलं जातं ते चुलीभोवती. झोपलेला माणूस फारसं बिघडवत नाही. दहा लिटरच्या पिशवीने पाणी आणलं म्हणजे नदीच्या फेऱ्या घटतात. जाताना दरवेळी वेगळी वाट. एकामागे एक चाललं की एका संध्याकाळीत पायवाट पडते, आणि पुढचा गट तीच धरतो.

शौचासाठी एरवी १५ ते २० सेंटिमीटर खड्डा खणतो. इथे बोटभर मातीखाली कातळ होता, आणि थंड मातीत विष्ठा कुजायला फार काळ लागतो. म्हणून पिशव्या, आणि त्या सोबत परत. भांड्यांचं पाणी फडक्यातून गाळलं, खरकटं कचऱ्याच्या पिशवीत, पाणी लांबवर फेकून पसरवलं. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी प्रवाहात जात नाही.

पहाटे साडेचारला खुणेचा दगड कोरडा होता, दगडांचा आवाजही थांबला होता. तरी निघायला तासभर लागला. तंबूंखालचं गवत बोटांनी मोकळं केलं, हलवलेले दगड शेवाळाची बाजू वर ठेवून आपापल्या खळग्यात बसवले. जुन्या चुलीचे दगड काळी बाजू खाली करून विखुरले, थंड राख चुरून लांब पसरली. पहिल्या तंबूखाली मात्र उशीसारख्या वाढणाऱ्या एका झुडपाचा तुकडा मोडलेला होता. त्याला करण्यासारखं काही नसतं. माती दाबायचीसुद्धा नसते.

नदी जिथे फुटून चार-पाच धारा होतात तिथे पार केली. अरुंद जागा जवळची वाटते, पण पाणी तिथे खोल आणि जोरकस असतं. बूट पायात, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे मोकळे, म्हणजे पडलं तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, गट एकमेकांना धरून, कालचा आजारी मधे. पाणी गुडघ्याखाली राहिलं.

अहवालात ती जागा नोंदवली आणि या हंगामात तिथे कुणी थांबू नये असं लिहिलं. पुढच्या गटांसाठी वेळापत्रकही बदललं: सकाळी अकरापर्यंत खिंड ओलांडली नसेल तर त्या दिवशी नदीकडे उतरायचं नाही, खिंडीच्या अलीकडच्या टणक तळावर परतायचं.